घरगुती काडतूस-भरणी आणि मापनातील त्रुटींचा विचार

मापनशास्त्राची मूलतत्त्वे प्रयोगशाळेच्या चार भिंतींतच शिकावयाची असतात असा एक समज रूढ आहे. वस्तुतः ज्या ज्या ठिकाणी मनुष्य आपल्या मापावर विसंबून काही धोका पत्करतो, त्या त्या ठिकाणी ही तत्त्वे प्रयोगशाळेपेक्षाही अधिक कठोरपणे लागू होतात. अशा उद्योगाचे एक लक्षणीय उदाहरण म्हणजे रायफलीची काडतुसे घरच्या घरी पुन्हा भरण्याची अमेरिकेतील प्रथा होय. प्रस्तुत लेखात या प्रथेचा विचार केवळ मापनाच्या दृष्टीने केला आहे. काडतुसे कशी भरावीत हे सांगण्याचा त्यात हेतू नाही. मापन म्हणजे काय, त्यात चुका कोठून शिरतात, आणि कोणती चूक क्षम्य व कोणती घातक, एवढेच या उदाहरणावरून स्पष्ट करावयाचे आहे.

विषयाची व्याप्ती

काडतूस हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे. रायफलीच्या काडतुसाचे घटक चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली स्फोटक टोपी, पुंगळीतील दारू, आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. बार उडाला की टोपी, दारू व गोळी या तिन्ही वस्तू खर्ची पडतात, परंतु चौघांत सर्वांत महाग असलेली पुंगळी मात्र शाबूत राहते. तिला पुन्हा आकार देऊन, नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी घालून ती अनेक वेळा वापरता येते. जॉन बार्लो यांनी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे १८८४ साली स्थापन केलेली आयडियल कंपनी अशा भरणीची हत्यारे व मार्गदर्शक पुस्तिका विकत असे. पुढे १९२५ मध्ये लायमन कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला. काटकसर हा या प्रथेचा मूळ हेतू होता. आपल्याच रायफलीला तंतोतंत जुळेल असे काडतूस तयार करावे, ही नेमबाजांची आकांक्षा त्याला पुढे येऊन मिळाली.

भारतात परिस्थिती सर्वस्वी भिन्न आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास येथे मनाई आहे, आणि पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये सुरू झालेल्या कारखान्यासारख्या संस्थांतच हे काम चालत आले आहे. कारखान्यात तपासणीची यंत्रे असतात, दाब मोजण्याची सोय असते, आणि एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस येते. घरी भरणी करणारा मनुष्य एकटा असतो. तोच कारागीर, तोच तपासनीस आणि परिणाम भोगणाराही तोच. म्हणूनच त्याचे उदाहरण मापनशास्त्राच्या अभ्यासकास उद्बोधक वाटते.

ग्रेन आणि गुंज

या उद्योगात दारूचे व गोळीचे वजन आजही ग्रेन या एककात सांगतात. या एककाचा उगम धान्याच्या, विशेषतः जवाच्या, दाण्यात आहे. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर ग्रेनचे मूल्य ६४.७९८९१ मिलिग्रॅम असे निश्चित झाले. आपल्याकडील गुंजेची कथाही याहून वेगळी नाही. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे कोष्टक सोनाराच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या चालले. ब्रिटिश अमदानीत १८३३ साली तोळा १८० ग्रेनांचा ठरविण्यात आला. त्या हिशेबाने एक गुंज म्हणजे १.८७५ ग्रेन होते.

घरगुती भरणीतील तुला सामान्यतः ग्रेनच्या दशांशापर्यंत वजन दाखवितात. हा दशांश म्हणजे सुमारे साडेसहा मिलिग्रॅम, अर्थात गुंजेचा जवळजवळ एकोणिसावा भाग. रायफलीच्या एका मध्यम काडतुसात दारू सुमारे ५० ग्रेन, म्हणजे सव्वातीन ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे ही तुला पाचशेत एक इतका भेद ओळखते. एवढी सूक्ष्मता कशासाठी लागते, आणि ती पुरेशी आहे काय, हे दोन प्रश्न येथे उभे राहतात.

धूमरहित दारूने घडविलेला बदल

ठासणीच्या बंदुकीच्या काळी काळी दारू मापाने, म्हणजे आकारमानाने, घालीत असत. शिंगाचे वा पितळेचे माप भरले की काम झाले. त्या दारूच्या अंगी थोडीफार चूक पोटात घालण्याचा गुण होता. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच शास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून धूमरहित दारू तयार केली आणि ही स्थिती पालटली. नव्या दारूत तेवढ्याच आकारमानात कितीतरी अधिक ऊर्जा सामावलेली होती. काही कारखान्यांनी काळ्या दारूच्या मापानेच घालता येईल अशी हलकी, पोकळसर धूमरहित दारूही बनविली. परिणामी एकाच मापाने एक प्रकार निर्धोकपणे घालता येई, तर दुसऱ्या, घन प्रकाराने त्याच मापात बंदुकीची नळी फुटे. माप तेच असूनही मोजलेली वस्तू बदलली होती.

याच्या मुळाशी असलेले भौतिकीय कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. धूमरहित दारूच्या ज्वलनाचा वेग सभोवतालच्या दाबाबरोबर वाढतो. हा संबंध व्हिएयच्याच नावाने ओळखला जातो. दाब वाढला की ज्वलन त्वरेने होते, ज्वलन त्वरेने झाले की दाब आणखी वाढतो. त्यामुळे दारूचा भार थोडा वाढविला असता गोळीचा वेग साधारण त्याच प्रमाणात वाढतो, परंतु कक्षातील दाब मात्र त्याहून पुष्कळ अधिक प्रमाणात वाढतो. अमेरिकेच्या लष्कराने १९०६ साली स्वीकारलेल्या व आजही लोकप्रिय असलेल्या .३०-०६ या काडतुसासाठी तेथील उत्पादकांच्या संस्थेने कमाल दाबाची मर्यादा दर चौरस इंचास ६०,००० पौंड अशी घातली आहे. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या चार हजार पटींहून अधिक होय, आणि तो नेमबाजाच्या डोळ्यांपासून काही इंचांवर निर्माण होत असतो.

हा दाब मोजण्याचे कोणतेही साधन घरी भरणी करणाऱ्याजवळ सामान्यतः नसते. तांब्याचा लहानसा दंडगोल कितपत चेपला जातो यावरून दाब ठरविण्याची अँड्र्यू नोबल यांची एकोणिसाव्या शतकातील पद्धत, किंवा तिच्या जागी आलेली स्फटिकाच्या विद्युत्‌गुणावर आधारलेली आधुनिक पद्धत, या दोन्ही प्रयोगशाळेच्या पद्धती आहेत. म्हणून घरगुती भरणी सर्वस्वी उसन्या मापनावर उभी असते. प्रयोगशाळेने विशिष्ट दारू, विशिष्ट गोळी, विशिष्ट पुंगळी व टोपी घेऊन दाब मोजलेला असतो आणि भाराचा आकडा पुस्तिकेत छापलेला असतो. घरचा मनुष्य त्याच घटकांची तितक्याच भाराने पुनरावृत्ती करतो, आणि दाबही तितकाच असेल असे मानतो. रायफलीरायफलींत फरक असतो, म्हणून कमाल भाराच्या सुमारे दहा टक्के खालून आरंभ करून पायरीपायरीने वर जावे, असा दंडक पाळला जातो. हे दहा टक्के म्हणजे अज्ञानासाठी राखून ठेवलेली जागा होय.

तीन प्रकारच्या त्रुटी

मापनातील त्रुटींचे तीन वर्ग करतात. पहिली यादृच्छिक त्रुटी : तीच वस्तू दहा वेळा तोलली तर प्रत्येक वेळी किंचित निराळे वजन येणे. दुसरी पद्धतशीर त्रुटी : तुलेचा शून्यबिंदूच सरकलेला असल्यामुळे प्रत्येक वजन एकाच दिशेने चुकणे. तिसरी ढोबळ चूक : आकडा वाचण्यात, लिहिण्यात किंवा वजन लावण्यात झालेला सरळ प्रमाद. पाठ्यपुस्तके पहिल्या वर्गावर पानेच्या पाने खर्च करतात आणि तिसऱ्याला एका वाक्यात निरोप देतात. घरगुती भरणीत धोक्याचा क्रम याच्या अगदी उलट लागतो.

दांडीच्या तुलेचे उदाहरण घ्यावे. तिच्या दांडीवर दोन सरकती वजने असतात. मोठे वजन पाच पाच ग्रेनांच्या खाचांवर बसते, लहान वजन ग्रेनचे दशांश दाखविते. काटा लवकर स्थिर व्हावा म्हणून दांडीच्या टोकाला तांब्याचे पाते बसवून ते चुंबकांच्या मध्ये हलू देतात. पात्यात निर्माण होणारे विद्युत्‌प्रवाह हालचालीस विरोध करतात, परंतु दांडी स्थिर झाल्यावर त्यांचा काही परिणाम उरत नाही. म्हणून या युक्तीने वजनात बाध येत नाही. काट्याकडे तिरपे पाहिले, किंवा खोलीतील पंख्याचा वारा पारड्यास लागला, तर दशांश ग्रेनचा फरक पडू शकतो. ही यादृच्छिक त्रुटी झाली, आणि ती सहसा निरुपद्रवी असते.

तुला समपातळीत नसेल किंवा धारेवर धूळ बसली असेल, तर पद्धतशीर त्रुटी शिरते. तिचे वैशिष्ट्य असे की पुनःपुन्हा तोलून ती उघडकीस येत नाही. दहाही वजने एकमेकांशी सुरेख जुळतात आणि दहाही चुकीची असतात. अचूकता आणि सुसंगती या भिन्न गोष्टी आहेत हे येथे प्रत्ययास येते. तिचा शोध घेण्याचा मार्ग एकच : ज्ञात वजनाचे प्रमाण-वजन पारड्यात ठेवून पाहणे, आणि तेही वापरावयाच्या भाराच्या आसपासचे. शून्यावर बरोबर असलेली तुला पन्नास ग्रेनांवर बरोबर असेलच असे नाही. विद्युत्‌चालित तुलांनाही हाच न्याय लागू आहे. तापमान बदलले की त्यांचा शून्यबिंदू हळूहळू सरकतो, आणि आकडा मात्र पूर्वीइतक्याच आत्मविश्वासाने झळकत राहतो.

आता ढोबळ चुकीकडे वळावे. मोठे वजन चुकून एक खाच पुढे बसले तर त्रुटी पाच ग्रेनांची होते, म्हणजे तुलेच्या सूक्ष्मतेच्या पन्नास पट. ज्या काडतुसाचा कमाल भार ५० ग्रेन आहे त्याचा आरंभीचा भार ४५ ग्रेन. एक खाच चुकली की ४५ चे ५० होतात, आणि राखून ठेवलेली संपूर्ण जागा एका क्षणात संपते. ५० च्या जागी ५५ झाले तर भार दहा टक्क्यांनी वाढतो. दाब भाराच्या केवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो असे उदाहरणादाखल धरले तरी तो कमाल मर्यादेपलीकडे २१ टक्के जातो. ग्रेनच्या शतांशासाठी महागडी तुला घेणारा मनुष्य जर खाच तपासून पाहत नसेल, तर त्याने दाराची फट बुजवून दार उघडेच ठेवल्यासारखे होते.

तयार काडतूस तोलून अशी चूक शोधता येईल असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु पितळी पुंगळ्यांची वजने आपसांतच काही ग्रेनांनी कमीअधिक असतात, गोळ्यांचाही थोडा फरक त्यात मिसळतो, आणि दारूतील दोनतीन ग्रेनांची वाढ त्या गर्दीत हरवून जाते. म्हणून अनुभवी लोक भरलेल्या पुंगळ्या गोळी बसविण्यापूर्वी लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करतात आणि प्रत्येकीत उजेड पाडून दारूची पातळी पाहतात. डोळ्याचे हे माप अत्यंत स्थूल असते. तरीही ढोबळ चूक हेरण्यास तेच सर्वांत समर्थ ठरते, कारण ते तुलेवर अवलंबून नाही. दोन स्वतंत्र मापने, मग त्यांतील एक ओबडधोबड का असेना, एकाच सूक्ष्म मापनाच्या द्विरुक्तीपेक्षा अधिक मोलाची असतात.

लांबीचे मापन

बार उडताना पितळ फुगते, आकार देताना पुन्हा आवळले जाते, आणि या ओढाताणीत पुंगळीची मान लांबत जाते. .३०-०६ च्या पुंगळीची कमाल लांबी २.४९४ इंच आहे, आणि कापून ती २.४८४ इंचांवर आणतात. हा शतांश इंच म्हणजे पाव मिलिमीटर. मान याहून लांबली तर ती नळीच्या निमुळत्या भागात घुसून गोळीस चिमटा घेते, गोळी सुटण्यास विरोध होतो आणि दाब वाढतो. दारूचे वजन काटेकोर असूनही दाब वाढण्याचे हे एक कारण होय.

येथे वापरली जाणारी दोन साधने व्हर्निअर कॅलिपर आणि मायक्रोमीटर ही होत. मापनपट्टी व मोजावयाची वस्तू एकाच रेषेत असावीत, हे तत्त्व अर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये मांडले. मायक्रोमीटर हे तत्त्व पाळतो, कॅलिपर पाळत नाही. कॅलिपरचे जबडे पट्टीपासून बाजूला असल्याने हाताचा दाब अधिक झाला की जबडा किंचित कलतो आणि लांबी कमी दिसते. हा दोष सहस्रांश इंचाच्या पातळीवर जाणवतो, शतांश इंचाच्या पातळीवर जाणवत नाही. म्हणून पुंगळीच्या लांबीस कॅलिपर चालतो, गोळीच्या व्यासास मात्र मायक्रोमीटर हवा.

नेमके काय मोजावयाचे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. तयार काडतुसाची एकूण लांबी गोळीच्या टोकापासून मोजतात. परंतु मऊ शिशाचे टोक वाहतुकीत चेपते, आणि नळीतील खाचांना प्रथम भिडतो तो भाग टोकाच्या बराच मागे, गोळीच्या फुगवट्यावर असतो. टोकापासूनचे माप काडतूस पेटीत बसेल की नाही एवढेच सांगते. गोळी खाचांपासून किती दूर आहे, हे फुगवट्यापासून घेतलेल्या मापानेच कळते.

पितळाविषयी आणखी एक गोष्ट भारतीय वाचकास स्वारस्याची वाटेल. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात साठविलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना पावसाळ्यात आपोआप भेगा पडत, आणि तबेल्यांच्या आसपास ठेवलेल्या साठ्यात हा प्रकार विशेष आढळे. मोसमाशी संबंध दिसल्यामुळे त्यास मोसमी भेगा असेच नाव पडले. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याची उपपत्ती दिली. घडणीच्या वेळी पितळात साठून राहिलेला ताण आणि जनावरांच्या मूत्रातून निघणारा दमट अमोनिया यांच्या संयुक्त परिणामाने धातू तडकत होता. उपाय म्हणून पुंगळ्या मंद तापवून त्यांतील ताण घालविण्यात येऊ लागला. या पुंगळ्यांची लांबी, व्यास व वजन ही सर्व मापे निर्दोष असणे शक्य होते, परंतु दोष ज्या राशीत होता ती राशी कोणी मोजतच नव्हते.

वेगाचे मापन आणि अल्प नमुना

गोळीचा वेग मोजण्याचा पहिला समाधानकारक मार्ग बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये वर्णिला. जड लाकडी लंबकात गोळी मारावयाची आणि लंबक किती झुलतो यावरून संवेग काढावयाचा. आजचा हौशी नेमबाज दोन प्रकाशसंवेदी पडद्यांमधून जाण्यास गोळीला लागलेला काल मोजतो, किंवा रडारचा उपयोग करतो. पडद्यांतील अंतर ६० सेंटिमीटर आणि वेग सेकंदास ८०० मीटर असेल, तर हा काल एका सेकंदाच्या सहस्रांशाचा तीन चतुर्थांश भरतो. पडद्यांतील अंतर एक मिलिमीटरने चुकले तर प्रत्येक वेग सेकंदास सुमारे १.३ मीटरने एकाच दिशेने चुकतो. ही पुन्हा पद्धतशीर त्रुटी झाली.

परंतु मोठी चूक यंत्रात नसते. ती निष्कर्षात असते. पाच बार उडवून वेगांचे प्रमाण विचलन सेकंदास ५ मीटर आले, असे समजावे. वेगांची वाटणी प्रसामान्य मानली तर पाच निरीक्षणांवरून खरे विचलन ३ पासून १४ मीटरांपर्यंत कोठेही असू शकते, एवढेच ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. तीस बारांनंतर हीच मर्यादा ४ ते ६.७ मीटर इतकी आकसते. अल्प नमुन्यांच्या या प्रश्नाकडे डब्लिन येथील गिनेस मद्यशाळेत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात लक्ष वेधले. चार-पाच निरीक्षणांवर निर्णय घ्यावा लागणे ही त्यांचीही नित्याची अडचण होती.

कमाल व किमान वेगांतील अंतर सांगण्याची पद्धत तर याहून फसवी आहे. विचलन ५ मीटर असलेल्या एकाच प्रकारच्या काडतुसांत हे अंतर पाच बारांना सरासरीने ११.६, दहा बारांना १५.४ आणि वीस बारांना १८.७ मीटर येते. अर्थात जो कमी बार उडवितो त्याची काडतुसे अधिक सुसंगत भासतात.

त्रुटींची बेरीज

परस्परांपासून स्वतंत्र अशा त्रुटींची बेरीज सरळ होत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज होते. वेगातील एकूण विचलन ५ मीटर असून त्यातील १ मीटर दारूच्या वजनातील कमीअधिकपणामुळे येते, असे समजावे. वजन संपूर्ण निर्दोष केले तरी उरणारे विचलन २४ चे वर्गमूळ, म्हणजे ४.९ मीटर राहील. अपार परिश्रमाने झालेला लाभ एक दशांश मीटरचा! उरलेल्या विचलनाची कारणे टोपीची ज्योत, पुंगळीच्या मानेची पकड, दारूची मांडणी व तिचे तापमान यांत असतात. तुला कितीही सूक्ष्म असली तरी त्यांना स्पर्श करू शकत नाही.

वेगातील हा फरक निशाणावर किती जाणवतो, तेही पाहण्यासारखे आहे. हवेचा विरोध वगळून हिशेब केला, तर ८०० व ७९० मीटर वेगांच्या गोळ्यांच्या पतनात १०० मीटरांवर दोन मिलिमीटरांचा फरक पडतो, परंतु ५०० मीटरांवर तो पाच सेंटिमीटरांवर जातो. अंतर पाचपट झाले की फरक पंचवीसपट होतो, आणि हवेच्या विरोधाने तो आणखी वाढतो. म्हणजे कोणती सूक्ष्मता आवश्यक, हे हेतूवरून ठरते. शंभर मीटरांवर शिकार करणाऱ्यास जी काळजी निरर्थक, तीच दूरच्या निशाणाच्या स्पर्धेत निर्णायक ठरू शकते.

ओळखीची चूक

सर्वांत शेवटी अशा एका चुकीचा उल्लेख केला पाहिजे जी कोणतीही तुला दाखवू शकत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी शिल्लक राहिलेली लष्करी दारू ४८३१ या क्रमांकाने विकावयास आरंभ केला, आणि ती फार लोकप्रिय झाली. पुढे १९७३ मध्ये दुसऱ्या मालिकेतील दारू त्याच क्रमांकाने बाजारात आली. दोहोंचा क्रमांक एक असला तरी नवी दारू अधिक जलद जळणारी होती. जुन्या दारूसाठी छापलेला कमाल भार नवीच्या बाबतीत मर्यादा ओलांडणारा ठरे. अशा वेळी तोलणाऱ्याने दशांश ग्रेनपर्यंत अचूक वजन घेतले तरी ते चुकीच्या वस्तूचे अचूक वजन असते. यावरूनच काही साधे नियम रूढ झाले आहेत. मेजावर एका वेळी एकाच दारूचा डबा असावा, उरलेली दारू तत्काळ मूळ डब्यात परत जावी, नाव पुसलेल्या डब्यातील दारू वापरू नये, आणि प्रत्येक भरणीची तारीख, घटक, भार व डब्याचा अनुक्रमांक वहीत नोंदवावा. हे नियम व्यवस्थितपणाचे वाटतात, परंतु खरे पाहता ते मापनाचेच नियम आहेत. कोणत्याही मापनाचे पहिले अंग म्हणजे आपण काय मोजत आहोत याची निश्चिती होय, आणि आकडा त्यानंतर येतो.

सारांश, घरगुती काडतूस-भरणीतील काटेकोरपणा म्हणजे दशांश स्थळे वाढवीत जाणे नव्हे. जी चूक डोळा वा हात घेऊन जाईल ती प्रथम शोधावी, जी सर्व मापांना एकाच दिशेने ओढते ती प्रमाण-वजनाने तपासावी, आणि जी केवळ निशाण अर्ध्या बोटाने हलविते तिचा विचार शेवटी करावा. हा क्रम रायफलीपुरता मर्यादित नाही. औषधाची मात्रा तोलणारा औषधविक्रेता, पुलाचा भार काढणारा अभियंता आणि पदवी परीक्षेच्या प्रयोगात शेवटच्या दशांश स्थळावर खिळलेला विद्यार्थी, या सर्वांना तो सारखाच लागू पडतो.